शहाऐंशी सेंटिमीटर

कापसाचे भाव कोसळले होते आणि गावोगाव कुठं ना कुठं तेरवी असायची, त्या वर्षांत मी अमरावतीला राजापेठेत एका कापड व्यापाऱ्याकडे कागदपत्रं सांभाळत होते. शेटजी मुसलमान, साठीचे, घरात पिढ्यांचा कापडाचा धंदा. परदेशातून लहान मुलांचे कपडे मागवायचं धाडस त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं. माल नागपूरला कस्टमच्या गोदामात आला आणि तिथंच अडकला.

कस्टमच्या लेखी बाळांचे कपडे वेगळे आणि मुलांचे वेगळे. मुलांच्या कपड्यांवर ड्युटी जास्त. ही वाटणी वयावर नाही, उंचीवर होते. शहाऐंशी सेंटिमीटरपर्यंतच्या लेकराचा तो बाळाचा कपडा, त्यापुढचा मुलाचा. आम्ही फ्रॉक बाळांचे म्हणून दाखवले होते, पण लेबलवर 'दोन ते तीन वर्षं' छापलेलं. एवढं मूल शहाऐंशीच्या आत कसं, असा खुलासा कस्टमच्या साहेबांनी मागितला.

शेटजी वैतागले. "तिकडचे लेकरं ताडावानी वाढतात. आपल्या इकडचं तीन वर्षाचं पोरगं केवढं असते? जा बेटा, मोजून आण. लिहून देऊ त्याईले."

माझी मोठी बहीण अकोल्याकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. नमुना म्हणून आधी आलेल्या फ्रॉकांतला एक पिशवीत घालून मी एस.टी.नं तिच्याकडे गेले. टेपनं मोजून आम्ही भिंतीवर खडूची रेघ मारली आणि एकेका लेकराला तिथं उभं केलं. तीन वर्षांची बहुतेक सगळी रेघेखाली. मला हायसं वाटलं, खुलाशाचं काम झालं होतं. मग ताईनं चार वर्षांची उभी केली. त्यांतलीही काही रेघेच्या खालीच राहिली. ताईनं टेप लावून रेघ पुन्हा तपासली.

तेवढ्यात एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. कपडे वाटून राहिले, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. मुलीलाही भिंतीशी उभं केलं. तिचं डोकं रेघेला लागलं नाही.

"तीन पुरे झाले का?" मी विचारलं.

"पाच झाले बाई, पोळ्याले. मी निंदाले जातो, थे माह्यासंगच असते. इकडं कुठं येते?"

ताईनं तिला फ्रॉक घालून पाहिला. खांद्यावर सैलच झाला. आई बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "काढू का आता?"

"राहू द्या," मी म्हणाले.

एस.टी.त बसवताना ताई म्हणाली, "हे सारं लिहजो. पाच वर्षाचं लेकरू बाळाच्या कपड्यात मावते, एखाद्या सरकारी कागदावर तरी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी शेटजींनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाच वर्षाची?"

"हो."

"मंग नको लिहू."

"पण ताई म्हणते..."

"तुही ताई बरोबर म्हणते. पण तिनं लिहावं. मी लिहिलं तर त्याच्यात माहा फायदा आहे. लेकराईच्या भुकेवर मले ड्युटी नाही वाचवायची. कपडा तिकडच्या मापाचा आहे, तिकडच्याच मापानं जाऊ दे."

बनवणाऱ्यांच्या तक्त्यात ते माप शहाऐंशीच्या वरचंच होतं. तसं कळवून आम्ही जास्तीची ड्युटी कबूल केली. माल सुटला. मला मात्र शेटजींचा राग आला होता. त्यांची भलाई कळत होती, पण त्या भलाईनं त्या मुलीला काय मिळालं, हे कळत नव्हतं.

ताईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं." तिनं स्वतःच तिच्या वरिष्ठांना कळवलं. उत्तर आलं नाही. मग ती मायलेकींना घेऊन अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली. आईची निंदणाची मजुरी बुडत होती, म्हणून आळीपाळीनं ताईही मुलीपाशी राहायची. मुलगी सुधारली. गालांवर मांस आलं, आवाज फुटला. उंची मात्र जी मागं राहिली ती राहिलीच.

पुढच्या उन्हाळ्यानंतर आईनं तिला शाळेत नेलं. ताई सोबत होती, तिनंच मला हे सांगितलं. मास्तरांनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "धाकटीले काहून आणलं? मोठीले आण."

आई म्हणाली, "हेच मोठी व्हय, गुरुजी."

मास्तर खाली बघून नाव लिहू लागले.