सगळ्या पोरांची एकच आई

गोंदियाजवळच्या कुडव्यात इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या एका सरांनी माझ्या मुलीला फसवलं. मलाही फसवलं, कारण माझ्या हातात हात देऊन त्यांनी शब्द दिला आणि माझ्या पाठीमागे तो मोडला. पण माझं सोडा, मी सोसायला बसलोच आहे. भांडण मुलीसाठी आहे. तिला दहावीच्या इंग्रजी तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले, म्हणून मी तक्रार केली की लोक हसतात. गुण मिळाले ना, मग फसवलं कुठं, असं विचारतात. कुठं ते सांगतो.

माझा धंदा जुन्या दुचाकी घेण्याविकण्याचा. दवनीवाड्याहून गोंदियाला आलो तेव्हा हातात पानासुद्धा दुसऱ्याचा होता. गाडी घ्यायची तर मी ती सकाळी, थंड असताना पाहतो. गरम इंजिन कोणतंही गोड बोलतं. पहिली किक मारली की खरा आवाज येतो. मीटर फिरवलेला, टाकी नव्यानं रंगवलेली, आतला भाग भलत्याच गाडीचा, हे मला लांबून कळतं. आणि हीच गोष्ट माझ्या घरात झाली तेव्हा मला उशिरा कळली, याचा राग जात नाही.

माझी बायको मुलगी आठवीत असताना काविळीनं गेली. ती कशी होती हे आधी सांगायला हवं. ती उशिरा उठायची. भात करपवायची आणि वर करपलेलाच वाढायची. दुकानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची आणि गिऱ्हाईक मला नाही, तिला भ्यायचं. एखादा फार हुशारी करू लागला की म्हणायची, "भाऊ, आमाले कायले येडं समजून राहिला? जा ना, दुसरीकडं पाहा." तो जायचा, चौकापर्यंत जाऊन परत यायचा. गाडी माझ्यापेक्षा जोरात चालवायची. अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं तिला कधी आठवलं नाही. तुळस वाळली की हसायची. "मी माणसाईले पाणी पाजून राहिली, तेवढंच लय झालं."

मुलगी दहावीत गेली तशी तिला सरांकडे लावली. शाळेत मराठी माध्यम, गल्लीत हिंदी, घरात आमची बोली. इंग्रजी तिला कुठून ऐकू येणार? तोंडी परीक्षेत स्वतःबद्दल, घराबद्दल बोलावं लागतं, मग मॅडम एखाददुसरा प्रश्न विचारतात. सरांची पद्धत सोपी होती. त्यांनी स्वतःच्या आवाजात सगळं बोलून मोबाइलवर पोरांच्या गटात टाकलं होतं. पोरांनी ते ऐकायचं, मागोमाग म्हणायचं, तोंडात बसेपर्यंत. सगळ्यांना एकच.

"माय मदर इज अ हाउसवाइफ. शी गेट्स अप अर्ली. शी वॉटर्स द प्लँट्स. शी कुक्स टेस्टी फूड. शी नेव्हर गेट्स अँग्री."

संध्याकाळी दुकान बंद करून मी गल्लीत शिरायचो तर पहिल्या घरातून ती बाई लवकर उठायची. पुढच्या घराच्या गच्चीवर ती झाडांना पाणी घालत असायची. किराणावाल्याचा पोरगा, पलीकडच्या मास्तरची जुळी पोरं, सगळे एकाच सुरात तिच्याबद्दल सांगायचे. किराणावाल्याची बायको त्याच वेळी दारात उभी राहून पोराला शिव्या देत असायची, आणि आत तो म्हणत असायचा की ती कधीच रागावत नाही. मला सुरुवातीला हसू यायचं. मग मी माझ्या घराशी पोचायचो. दिवा लागलेला नसायचा, आणि आतून माझ्या मुलीचा आवाज यायचा, "माय मदर", आणि त्याच्या मागे मोबाइलमधला सरांचा जाड आवाज, "माय मदर". इंग्रजी मला बेताचंच येतं. मदर कळतं. मी चपला काढायच्या आधी थोडा वेळ बाहेरच थांबायचो. आत कोणीतरी आहे असं वाटायचं.

मी सरांकडे गेलो. भाव करायची मला सवय आहे, पण असा भाव मी आयुष्यात केला नव्हता.

"सर, पोरीच्या बोलण्यातलं ते आईचं काढून टाका."

"काढलं तर मधात खड्डा पडते ना भाऊ. पोरगी लयीत बोलते, तिथं येऊन अटकून जाईल."

"मग खरं सांगू द्या. आई वारली म्हणून."

"अरे नाही नाही. ते बोलली की मॅडम विचारणार, कब, कैसे, क्या हुआ था. तेवढं इंग्रजी हाय का तिच्याजवळ? वरून रडली तर मार्क गेले."

"मग काय करता?"

"मावशी टाकू. आंटी. नाहीतर आजी टाका, ग्रँडमदर मस्त बसते तिथं."

एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीत हातोडीनं बसवणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. ते असंच बोलतात. मी म्हणालो, तिची आई जशी होती तशी चार वाक्यं करून द्या, मी सांगतो, तुम्ही इंग्रजी करा. सर हसले, पण मी खुर्चीवरून उठत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग मी सांगितलं. दुकान, खुर्ची, गाडीचा वेग, करपलेला भात. ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "चलो, हो जाएगा. तिचा वेगळा ऑडिओ बनवतो." आणि हात पुढे केला.

आमच्या धंद्यात हात दिला की व्यवहार झाला. नंतर कोणी कागद दाखवत नाही आणि मागत नाही. मी त्या हातावर विश्वास ठेवून घरी आलो. त्यानंतर मुलगी कानात वायर घालून गच्चीवर पाठ करू लागली. मला वाटलं, आपल्या आईचं बोलते, म्हणून एकटी बोलते.

मग घरात बारीकसारीक बदलू लागलं. सकाळी मला जाग यायच्या आधी मुलगी उठलेली असायची. वाळक्या तुळशीच्या जागी नवी तुळस आली. तिच्या शेजारी डब्यांत आणखी झाडं आली. मी एकदा विचारलं, "एवढं पाणी काऊन घालून राहिली?"

"आईले आवडत होतं."

"तुझ्या आईनं कधी झाडाले पाणी घातलं?"

"घालत होती ना. रोज सकाळी."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस माझ्यासमोर रोज उभा राहतो, त्याचा चेहरा मला माहीत आहे. तिचा चेहरा स्वच्छ होता. मी पाण्याच्या त्या लोट्याकडे बघत राहिलो. तो ओट्यावर नेहमी उजवीकडे ठेवलेला असायचा. माझी बायको डावखुरी होती. काहीही हातातलं टाकायची तर डावीकडे.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी तिला शाळेत सोडलं आणि फाटकाजवळ गाडी लावून उभा राहिलो. दुसरं कोणी नव्हतं. मुलगी बाहेर यायच्या आधी परीक्षा घेणाऱ्या मॅडम चहासाठी बाहेर आल्या. यंदाच शाळेत लागल्या होत्या, आमच्या घरचं त्यांना काही माहीत नव्हतं. माझ्याकडे बघून हसल्या.

"तुमची मुलगी छान बोलली. मिसेस गेल्या का? मला भेटायचं होतं त्यांना."

"कोण मिसेस?"

"मी विचारलं, आज सोबत कोण आलंय. तिनं खिडकीतून फाटक दाखवलं. माझी आई उभी आहे, हिरवी साडी नेसलेली, म्हणाली. मला कडुनिंबामुळे नीट दिसलं नाही. पण होतं कोणीतरी."

मी त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता. मी मागं वळून पाहिलं. वळायचं नव्हतं, तरी वळलो. रस्ता होता, पलीकडे धानाची कापलेली बांधी होती, रिकामं शेत.

मुलगी आली, मागं बसली. निम्म्या रस्त्यात मी गाडी कडेला घेतली.

"हिरवी साडी कुठून आणली?"

ती खाली बघत होती. "पाठ केलेलं संपलं होतं बाबा. मॅडमनं पुढचं विचारलं. मग ती दिसली."

"कोण?"

"आई. ऑडिओतली."

मग हळूहळू सगळं निघालं. वेगळा ऑडिओ सरांनी कधी केलाच नव्हता. तिला म्हणाले होते, तुझ्या बाबांची वाक्यं कठीण आहेत, अडशील, तेच जुनं पाठ कर आणि घरी सांगू नको. ती सरांचं ऐकणारी मुलगी आहे. तिनं ऐकलं.

त्या दुपारी मी तिला समोर बसवलं. म्हणालो, इंग्रजी जाऊ दे, आपल्या बोलीत सांग, आई कशी होती. ती सांगू लागली. "लवकर उठत होती. झाडाईले पाणी घालत होती. सैपाक मस्त करत होती. कधी रागावली नाही."

त्याच क्रमानं. त्याच सुरात. मागून सरांचा आवाज येत नव्हता एवढंच.

मी तिला दुकानातली खुर्ची सांगितली. दवनीवाड्याच्या रस्त्यावर मायलेकी गाडीवरून बांधीत पडल्या होत्या आणि आई चिखलात बसून हसत होती, ते सांगितलं. तेव्हा ही तिच्या मांडीवर होती. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या कोणा बाईबद्दल ऐकावं तसं, मान हलवत. शेवटी विचारलं, "खरंच?"

निकाल लागला. सरांनी चौकात फलक लावला, त्यावर माझ्या मुलीचा फोटो आहे. मी शिकवणीत जाऊन आवाज चढवला. सरांनी पेढ्यांचा डबा पुढे केला. म्हणाले, "भाऊ, मौत किसी के हाथ में नहीं. मार्क आपल्या हातात होते, ते आणून दिले. अब क्या चाहिए?"

पेढा मी घेतला नाही. घरी आलो तर सगळ्या डब्यांतली माती आत्ताच पाणी घातल्यासारखी ओली होती आणि ओट्यावर लोटा उजवीकडे होता. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. सकाळपासूनच गेली होती, असं शेजारणीनं सांगितलं.

ऑडिओतल्या त्या बाईला मी रोज घरात सोसतो. ती माझ्यावर कधीच रागावत नाही. माझी बायको असती तर एव्हाना तिनं मला, सरांना आणि त्या फलकाला काय ऐकवलं असतं ते मला पाठ आहे. पण ते पाठ असणारा मी एकटाच उरलो आहे, आणि मी गेलो की तेही जाईल. मग माझ्या मुलीजवळ फक्त तीच राहील, गल्लीतल्या सगळ्या पोरांची ती एकच आई.

सर, तुम्ही विचारलंत काय पाहिजे. तुम्ही माझ्या घरी या. दिवसा या. माझ्या मुलीसमोर बसा आणि तिला तुमच्या तोंडानं सांगा की ती बाई तुम्ही बनवली, ती कोणाची आई नाही, ती कधी कुठल्या फाटकाशी उभी नव्हती. आणि तिनं विचारलं, मग माझी आई कशी होती, तर उत्तर तुम्ही द्यायचं. मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुम्ही मान हलवली होती. हात दिला होता. आता बोला.