खडूनं लिहिलेलं गाव

कॅम्पातल्या टायरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो सगळ्यांना अण्णा म्हणायचा आणि सगळे त्यालाही अण्णाच म्हणायचे. गाडी आली की मापाचं बोलण्याआधी तो मडगार्डखालचा चिखल नखानं काढायचा, बोटांत मळायचा आणि विचारायचा, "वाट कसली?"

ऐंशीच्या सुमारास मी लष्कराच्या लिलावातली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली होती. तिचा चिखल मळून अण्णा म्हणाला, "येळ्ळूरची काळी माती. रुंद टायर नको अण्णा, वरच्यावर घसरतोय. उंच, अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक भुईला टेकतोय. जुन्या मापाचं चार हुडकतो, म्हयनाभर थांबा."

"थांबतो," मी म्हणालो.

घरी मेहुणा हसला. "सायकलची चाकं लावताय व्हय, दाजी?" तेवढ्यानं मी आठवड्याच्या आत दुसरीकडून रुंद टायर बसवले. पावसाळ्यात गाडी शिवारात आसापर्यंत रुतली. बैल जुंपून ओढून काढावी लागली.

पुढं एकदा पंक्चर काढायला दुसरं दुकान उघडं मिळालं नाही, म्हणून अण्णाकडं गेलो. भिंतीला चार उंच, अरुंद टायर टेकवलेले होते. राखून ठेवलेल्या टायरवर तो खडूनं गिऱ्हाइकाचं गाव लिहायचा. चारही टायरांवर माझंच गाव होतं, येळ्ळूर.

अण्णानं माझी चाकं पाहिली, आसाला वाळलेला चिखल पाहिला. वाट विचारली नाही. ओलं फडकं घेऊन चारही टायरांवरचं गाव पुसलं आणि म्हणाला, "बसा अण्णा, चा सांगतो."

मी चहा घेतला. पंक्चरचे पैसे देऊन त्याच रुंद टायरांवर गावाकडं निघालो.