फिकट रेघेवरचा पूल

चैत्र सरत आला की आमच्या कॉलेजच्या आवारातल्या कडुनिंबांचा मोहोर गळू लागतो आणि त्याचा किंचित कडवट, किंचित मधाळ गंध कूलरच्या भिजल्या वाळ्यात मिसळून कॉम्प्युटर लॅबभर दरवळत राहतो. यंदा त्या गंधाच्या जोडीला एक आवाजही होता, धाडदिशी पूल कोसळल्याचा. तो मीच हौसेने घातला होता.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलांसाठी मी एक गेम रचत होते. प्रोग्रॅमिंग एका माजी विद्यार्थ्याचं, कोडी माझी. चौथ्या लेव्हलवर एक कोरडा कालवा लागतो, अलीकडे उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली उभी असते आणि मोजक्या लोखंडी दांड्या जोडून तिला पलीकडे न्यायचं असतं. तिथे सूत्रं पाठ असून भागत नाही; पूल पडू द्यावा लागतो, कोणता सांधा आधी सुटला ते निरखावं लागतं आणि त्या सुटण्यातूनच भार कोणत्या वाटेने वाहतो हे हळूहळू उमगत जातं. या एका कोड्यावर मी अख्खा हिवाळा घालवला होता.

बिडकीनहून एसटीने येणारी, दुसऱ्या वर्षाची प्रज्ञा इथेच अडकली होती आणि त्या अडकण्यात रमली होती. पूल कोसळला की ओढणी मागे टाकून ती स्क्रीनवर झुकायची. "मॅडम, आज मधल्या सांध्यानं दगा दिला. उद्या बघा, कसा उभा राहतोय!" तिचा पूल एका अंगाला कललेला, माझ्या मनातल्या उत्तराशी काही नातं नसलेला, पण त्यात तिचा स्वतःचा विचार होता आणि तो उभा राहिलेला मला बघायचा होता.

अशात तपासणी समिती येणार असल्याची वर्दी आली आणि आमचे विभागप्रमुख सर लॅबमध्ये डोकावले. पडणारे पूल पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "समितीला वाटेल, आपल्या पोरांना काही येतच नाही." मग त्यांनी उपाय काढला: कालव्यावर उत्तराची फिकट रेघ दाखवायची, मुलांनी तिच्यावर दांड्या ठेवत जायच्या. मी साफ नाही म्हटलं. त्यांनी ते त्या माजी विद्यार्थ्याकडून परस्पर करून घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, ठाऊक असते: काचेखाली दिवा, काचेवर मित्राने काढलेली ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि खालून उमटणाऱ्या रेघांवरून मुकाट फिरणारी पेन्सिल. हॉस्टेलमधली ती चोरी निदान दार लावून तरी व्हायची. इथे गुरुजनांनीच काच धरली, दिवा लावला, तोही माझ्या कोड्याखाली, आणि वर त्याला मदत म्हटलं! मदत कसली, पोरांच्या हातातला घास काढून घेऊन तोच चावून त्यांना भरवणं होतं ते. साधं चुकण्याच्या लायकीचंही आपण त्यांना समजत नाही, याची मला भयंकर चीड आली.

बघता बघता सगळ्यांच्या ट्रॉल्या पार झाल्या. लॅबमध्ये नुसती कूलरची घरघर उरली. प्रज्ञाही दप्तर आवरून निघाली, तेव्हा मी विचारलं, "जमला का गं पूल?"

"व्हय मॅडम." ती दाराशी थांबली. "पण माझा नाय तो."

समिती यायच्या दिवशी मी सकाळीच लॅब उघडली. ती रेघ काढून टाकली आणि सगळ्यांचे कालवे पुन्हा रिकामे केले. समितीची मंडळी सरांच्या मागोमाग आत शिरली तेव्हा लॅबच्या कोपऱ्याकोपऱ्यातून धाड, धाड सुरू झालं होतं. सरांनी माझ्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. मीही नजर हटवली नाही.

खिडकीपाशी प्रज्ञाचा कललेला पूल उभा होता. ट्रॉली कुरकुरत त्याच्यावर चढली, मधल्या सांध्याशी आली, आणि सरांसकट सगळेच तिथे वाकले. तो पडणार की राहणार, मला खरंच सांगता येत नव्हतं. कोडं माझं होतं, आणि त्याचं उत्तर आता मला ठाऊक नव्हतं.