पांढऱ्या चटणीसाठी अमरावतीला

खोटं बोलायला मला चार सेकंदही लागले नाहीत. वैशूचा फोन आला होता. वैशू माझी हॉस्टेलच्या दिवसांपासूनची मैत्रीण, माहेर अमरावतीचं, आता माझ्यासारखीच पुण्यात. म्हणाली, "नानांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. काय हवं विचारलं तर म्हणे, गुहागरला खाल्ली होती ती कोळंबी आणि तिच्यासोबतची पांढरी चटणी. तुला येते ना गं करायला?"

"येते म्हणजे? डोळे मिटून!"

येत नव्हती. आमच्या गुहागरच्या घरी पर्यटक उतरतात. त्यांच्यापैकीच कुणाकडून तरी आई मेयोनीज करायला शिकली, मग तिनं त्यात स्वतःचं काहीतरी घातलं आणि तिची पांढरी चटणी झाली. ते काहीतरी म्हणजे काय, हे तिनं वीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, पोटच्या मुलीलाही नाही. मी मात्र पुणेभर "आमच्या समुद्राची चव" म्हणून तिच्या जिवावर भाव खाल्लाय.

नाही म्हणणं शक्यही नव्हतं. वैशूचे वडील, नाना, निवृत्त मास्तर. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी नवे दात बसवले आणि तेव्हापासून त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. कशाला चवच नाही म्हणतात, अर्ध्या भाकरीवर उठतात, सदरे खांद्यावरून उतरायला लागलेत. वैशू रोज रात्री फोनवर "आज किती जेवले" एवढंच विचारायची. सहा महिन्यांत त्यांनी तोंडानं मागितलेला हा पहिला पदार्थ होता.

मी आईला फोन लावला. "पांढऱ्या चटणीची कृती सांग."

"अंड्याचा बलक, तेल, फेसलेली मोहरी, लिंबू, मीठ."

"आणि?"

"आणि हात!"

"आई, नानांसाठी करायचीय. त्यांच्या घरी."

"अमरावतीला? वैशूच्या आईसमोर करणारेस?"

"हो."

"मग तर मुळीच सांगणार नाही," म्हणून तिनं फोन ठेवला. माझ्या जन्मदात्रीचा स्वभाव हा असा आहे.

शनिवारी पहाटे पाचला वैशूच्या गाडीनं आम्ही निघालो. मागच्या सीटवर थर्मोकोलच्या खोक्यात दोन किलो कोळंबी होती. कुणाला असा उद्योग करायचाच असेल तर सांगते: कोळंबी सोलून, निथळवून, दोन पिशव्यांत घट्ट बांधा, खाली-वर बर्फ घाला आणि वाटेत बर्फ बदला. वितळलेल्या पाण्यात ती भिजता कामा नये. खोक्याला सीटबेल्ट लावा. आम्ही तो नगरजवळच्या पहिल्या गतिरोधकानंतर लावला.

संभाजीनगरला नाश्ता केला आणि पुढे समृद्धी महामार्ग धरला. रस्ता गुळगुळीत आहे, पण इतका सरळ की ड्रायव्हरशी सतत भांडत राहावं लागतं, नाहीतर त्याला झोप येते. मनात आलं की चहा, असं तिथं होत नाही, तेव्हा थर्मास भरून घ्या. टोल झोंबतो. नंतर समृद्धी सोडून पातूरच्या घाटानं आम्ही तीनच्या सुमारास अकोल्यात उतरलो. जानेवारी असूनही दुपारचं ऊन चांगलं लागत होतं.

अकोल्यात बर्फ शोधला. दुकानदारानं लादी फोडता फोडता विचारलं, "कशाले पायजे जी बर्फ? लग्न हाय का?"

"कोळंबी आहे खोक्यात," मी जरा ऐटीत सांगितलं. "समुद्राची. अमरावतीला नेतोय."

त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. "झिंगे होय! पुण्याहून झिंगे घेऊन चालल्या तुमी? काहून? अमरावतीच्या बजारात धरनाचे झिंगे भेटते की. ताजे."

चाळीस रुपये घेतले आणि माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. वैशू जी हसायला लागली ती बोरगाव मंजू आलं तरी थांबली नव्हती.

मूर्तिजापूरवरून चौपदरी रस्त्यानं संध्याकाळी सहाच्या आत अमरावतीला पोचलो. दारातच काकू, म्हणजे वैशूची आई. कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. "आली का वं पोरी! किती सुकली! पुन्यात खाऊ घालत नाईत काय?" मी गेल्या वर्षभरात सहा किलोंनी वाढलेय, पण काकूंचा काटा वेगळा आहे.

जेवायला झुणका-भाकर होती. झुणक्यात बोटानं खळगा करायचा आणि त्यात जवसाचं कच्चं तेल ओतायचं, ही इथली रीत. ताटाच्या कोपऱ्यात काकूंचं लिंबाचं लोणचं, मुरून मुरून काळं पडलेलं. याची एक बरणी दरवर्षी वैशूच्या हाती गुहागरला आईकडेही जाते. नाना ते कशातही कालवतात, वरणात, खिचडीत, एकदा म्हणे शिऱ्यात. पण त्या दिवशी त्यांनी लोणच्यालाही हात लावला नाही. अर्धी भाकरी दुधात कुस्करली आणि उठले.

"उद्याची वाट पाहून राहिलो, बेटा," मला म्हणाले. मी झुणक्यात उगाच आणखी एक खळगा केला.

रविवारी सकाळी वैशूनं आधी गिला वडा खायला नेलं. दह्यात भिजलेला उडदाचा वडा, वर झणझणीत मिरची. अमरावतीत गेलात तर नाश्ता हाच करा, आणि नऊच्या आत जा, संपतो. मी दोन प्लेट खाल्ल्या. धीर गोळा करायला काहीतरी लागतंच.

आता या घराची पद्धत सांगते. काकू माळकरी, त्यामुळे स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. मांस-मासळी मागच्या अंगणात, शेवग्याखाली, तीन विटांच्या चुलीवर, आणि ती नानांनी शिजवायची. त्याची भांडी वेगळी, पोत्यात बांधून जिन्याखाली ठेवलेली. काकू त्या वेळी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसतात, नाकाला पदर लावून आणि तोंड पलीकडे वळवून. तिथून त्या सगळ्यांना सूचना देतात.

मी पातेल्यात बलक आणि मोहरी घेतली आणि म्हटलं, "काकू, कच्चंच खायचंय, असं चांगलं तेल द्या." त्यांनी उंबऱ्यावरून एक बाटली सरकवली. मी थेंब थेंब ओतत, घोटत, अर्धा तास राबले. चटणी दाट झाली, चमकली. चाखली, आणि माझा चेहरा पाहून वैशू दोन पावलं मागे सरली. नव्यानं पॉलिश केलेली खिडकी चाटल्यासारखी चव होती. तेल जवसाचं होतं.

"काकू, हे जवसाचं दिलंत?"

"मंग? कच्चं खायाचं म्हनली ना तू? आमच्यात कच्चं खाते थे जवसाचंच. तळनाचं तेल कच्चं कोन खाते वं?"

मी मुकाट्यानं शेंगदाण्याचं तेल मागितलं.

दुसऱ्या खेपेला तेलाची धार वैशूकडे दिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, तिनं तो घ्यायला मान वळवली आणि बाटलीही वळवली. भळकन तेल पडलं, चटणी फाटली. पातेल्यात पिवळट पाण्यावर तेलाचे डोळे तरंगायला लागले.

अकरा वाजले होते. नाना नवा सदरा घालून दर दहा मिनिटांनी दारात डोकावत होते. सहा महिन्यांनी या माणसाला भूक लागली होती आणि माझ्याकडे त्यांना द्यायला दोन पातेली घाण होती. मला खरंच रडू यायला लागलं.

"रडाचं नाई," उंबऱ्यावरून भिंतीकडे पाहत काकू म्हणाल्या. "फाटलं तं फाटलं. नवीन घे थोडं, अन् हे फाटलेलं त्यात जरा जरा सोड. एकाच अंगानं घोट."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मले काय मालूम! म्या कधी अंडं पाह्यलं नाई. पन फाटलेलं जोडाचं अस्ते तं असंच जोडते मानूस. एकाच अंगानं, म्हनलं ना! हात नको फिरवू उलटा!"

नवा बलक घेतला, त्यात फाटलेली चटणी चमचा चमचा सोडली, एकाच अंगानं घोटली. आणि जुळली! अशी जुळली की चमचा उभा राहिला. लिंबू, मीठ घातलं. तिकडे नानांनी रवा लावून कोळंबी तळली, पुण्याहून साडेपाचशे किलोमीटर आणूनही तिला वास नव्हता, हे अकोल्याच्या बर्फवाल्यानं ऐकावं.

अंगणातच पंगत बसली. नानांनी एक कोळंबी चटणीत बुडवली. चावली. आम्ही त्यांच्या दातांकडे बघत होतो.

"चांगली झाली, बेटा," ते म्हणाले. मग हळूच, "पण थे नाई." आणि उरलेला अर्धा तुकडा ताटात ठेवला.

मी मान खाली घातली आणि कबूल केलं. "नाना, मला येत नाही ती. आई त्यात काय घालते मला माहीत नाही. मी खोटं बोलले."

"असू दे," नाना म्हणाले. मी रडू नये म्हणूनच बहुधा, त्यांनी पुन्हा जेवायला हात घातला आणि जुन्या सवयीनं लोणच्याची काळी फोड चटणीत कुस्करली. कोळंबी त्यात फिरवली, तोंडात टाकली. चावता चावता थांबले. डोळे मोठे झाले.

"हेच," ते म्हणाले. "हेच होतं थे!"

वैशूनं चाखली. मी चाखली. खारट, आंबट, मागून किंचित कडू. आमच्या समुद्राची चव!

मी तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. "आई, लिंबाचं लोणचं?"

आईनं आधी कुकर बंद केला. मग, "काकू जवळ आहेत का?"

"आहेत."

"मग नाही."

"बोला बाई," काकू उंबऱ्यावरून म्हणाल्या. "म्या ऐकून राहिली."

आईचा आवाज एवढासा झाला. "काकू, माफ करा हो. तुम्ही माळकरी, इतक्या शुद्धपणानं घालून पाठवता, आणि मी ते अंड्यात कालवते. कोळंबीला लावते. वीस वर्षं. कुठल्या तोंडानं सांगू?"

काकूंनी माळेला हात लावला. नाकावरचा पदर खाली घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वळून ताटांकडे, म्हणजे नानांच्या ताटाकडे पाहिलं. नाना मान वर न करता जेवत होते.

"किती खाल्ले?" काकूंनी विचारलं.

"नऊ," नाना म्हणाले. "हा दहावा."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मग फोनकडे पाहून जोरात म्हणाल्या, "बाई, लोनचं माह्या घरून निंघालं का तुमचं झालं. तुमी त्याचं काय करता, थे मले नोका सांगू. पन माह्या लोनच्याले वीस वर्सं कोकनची चव म्हनून खपवून राहिल्या? काहून? नाव तं घ्या माहं!"

नाना इतके हसले की त्यांना दात हातानं धरावे लागले.

सोमवारी परतलो. येताना खोक्यात दोन बरण्या होत्या. एक नेहमीची, आणि दुसरीवर नानांच्या मास्तरी अक्षरात चिठ्ठी: "केवळ झिंग्यांकरिता. सुमनबाई, अमरावती." सुमनबाई म्हणजे काकू. तशीच एक बरणी नानांसाठी तिथंही ठेवलीय; एकदा भरून दिली की काकू तिला हात लावत नाहीत, ती पोत्यातल्या भांड्यांत जाते. नाना दर रविवारी धरणाचे झिंगे आणतात, स्वतः घोटतात, आणि काकू भिंतीकडे तोंड करून "एकाच अंगानं!" म्हणून ओरडतात. वैशूचा रात्रीचा फोन आता वेगळ्याच गोष्टींवर असतो.

गुहागरला आईनं ओसरीवरच्या फळ्यावर लिहिलंय, "कोळंबी, सोबत सुमनबाईंची पांढरी चटणी." काकूंनी फोटो मागवला, मोठा करून पाहिला, आणि नाव अजून मोठं पाहिजे असं कळवलं.

आणि मला ती चटणी येते का, असं कुणी विचारलं तर मी आता खरं तेच सांगते: बरणी असेपर्यंत येते.