बत्तीस घरांचं ‘हव’

अच्युत वझलवार दिवेलागणीला घरी नाहीत, असं रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या त्यांच्या गल्लीने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. बायकोने, गोदूताईंनी, तुळशीपाशी दिवा ठेवायचा, यांनी शेजारी उभं राहून हात जोडायचे, मग चहा. घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी.

नोकरी नागपूरच्या एका लहान कंपनीच्या इथल्या, शंकर नगरातल्या ऑफिसात. रायपूर राजधानी झालं आणि आसपासच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. कुठे काही बांधायचं म्हटलं की आधी तिथली झाडं, पाणी, जनावरं नोंदवावी लागत. ते फॉर्म अच्युतराव गावोगाव फिरून भरत. जनावरांच्या रकान्यात बहुतेक वेळा दोनच शब्द पडत, ‘आढळले नाही’.

त्या वर्षी महानदीपलीकडच्या कौहाडीह गावाचं काम आलं. जंगलाच्या कडेला एका बिल्डरला सुटीची घरं बांधायची होती, आणि मधोमध उभी होती जुनी राई, मोहाची आणि कौहाची. कौहा म्हणजे आपला अर्जुन. त्या राईत उडणारी खार राहते का, एवढंच शोधायचं होतं. मांजराएवढी खार, अंगाला दोन्हीकडून कातडीची झालर. ती पसरून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाते. जंगलं तुटली तशी तीही विरळ झाली. ती सापडली तर राई सोडून बांधावं लागणार होतं. नाहीतर झाडं गेलीच म्हणायची.

फॉर्म नागपूरहून मराठीत छापून आला होता. अच्युतराव तो वाचत वाचत तोंडी हिंदी करत, “यहाँ खार उड़ते देखे हो?”

पहिलंच घर म्हाताऱ्या भैय्यालालचं. “हव भैया,” तो म्हणाला. हव म्हणजे छत्तीसगढीत हो. “रोज देखथन.”

दुसऱ्या घरी हव. तिसऱ्या घरी हव. बत्तीस घरं, बत्तीस हव! अच्युतरावांना आयुष्यात एवढं यश कधी मिळालं नव्हतं. घरी जेवताना त्यांनी ते दोनदा सांगितलं.

गोदूताईंचा हात वाढता वाढता थांबला. “अजी, तुमी ‘खार’च म्हटलं का त्याईले?”

“मंग काय म्हणू?”

“अजी, भाजीवाली कांताबाई उशिरा आली का काय म्हणते? ‘खार गे रहेंव, दीदी.’ खार म्हंजे वावर त्याईचं! वावरात उडताना काई पायलं का, असं इचारून आले तुमी. कोन नाई म्हणन? बगळे उडते, मैना उडते.”

अच्युतरावांचा घास तसाच राहिला. “जल्म रायपुरात गेला माझा,” ते हळूच म्हणाले, “अन् हे माझ्या ध्यानात नाई आलं.” मग घास पुन्हा उचलत, “पण गोदू, हे ठाऊक फक्त आपल्या दोघाले. कागदावर हव आहे. झाडं वाचते ना.”

त्या राईच्या सावलीत त्यांनी डबा खाल्ला होता. ती झाडं त्यांना आवडली होती.

“अन् उद्या कोनी तपासाले गेलं तं?” गोदूताई म्हणाल्या. “खोटं निघालं तं तुमचं जे व्हाचं ते होईन, पण पयले झाडंच तोडतीन. मंग खरीखुरी खार दिसली तरी कोन ऐकन?”

दुसऱ्या दिवशी अच्युतरावांनी सोनिया मॅडमसमोर फॉर्म ठेवला. प्राण्यांच्या जाणकार म्हणून कंपनीने त्यांना नेमलेलं. मराठी त्यांना कळे, पण बोलत त्या हिंदीच.

“सर, बत्तीस के बत्तीस गलत?” त्यांना हसावं की रडावं कळेना.

“हो मॅडम. मी रेघ मारतो.”

“सोमवार को रिपोर्ट जानी है. दो शामें हैं. वो अँधेरा उतरते ही निकलती है, दिया-बत्ती के टाइम.”

नेमकी तीच वेळ! घरी अच्युतरावांनी चाचरत विषय काढला. गोदूताई वाती वळत होत्या. “जा की. तुमच्या वाटचे हात मी जोडीन. तिलेई दिवेलागणच सापडली, तं ती काय करन?”

या वेळी अच्युतरावांनी भैय्यालालला काही विचारलं नाही, नुसतं चित्र दाखवलं.

“ए तो उड़न बिलई ए!” म्हातारा ओरडला. उडती मांजर! “पहिली काबर नइ पूछे?”

का नाही विचारलं, ते अच्युतरावांनी सांगितलं. भैय्यालाल हसता हसता ओट्यावरच बसला. “तैं तो खार ला उड़ात रहे, भैया!” तू तर वावरच उडवत होतास! तासाभरात ते गावभर झालं. पोरीबाळी धानाच्या वावराकडे बोट दाखवून विचारू लागल्या, “उड़िस का?” उडालं का!

भैय्यालालने कौह्याखाली कुरतडलेली पानं दाखवली, वर ढोली दाखवली. पहिल्या संध्याकाळी ढोली गप्प राहिली. दुसऱ्या संध्याकाळी सोनिया मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. मान दुखेस्तोवर तिघं वर बघत होते. उजेड विझत आला आणि ढोलीतून एक डोकं निघालं. मग सगळं अंगच सुटलं; सोडलेल्या पदरासारखं पसरलं आणि आवाज न करता पलीकडच्या मोहावर जाऊन चिकटलं.

कॅमेरा वाजला. अच्युतरावांच्या लक्षात आलं की आपले हात जोडलेले आहेत. बरोबर वेळ होती.

सोमवारी फॉर्म गेला. बत्तीस उत्तरांवर रेघ, प्रत्येक रेघेशी सही. खाली एकच ओळ: ‘स्थानिक नाव उडन बिलई. आढळली, एक.’ पावसाळ्यानंतर बिल्डरचा नवा नकाशा आला, त्यात घरं नदीकडे सरकली होती आणि राईभोवती हिरवी रेघ होती.

तो नकाशा दाखवायला अच्युतराव कौहाडीहला गेले. भैय्यालालने लांबूनच हाक मारली, “का भैया, खार उड़िस का?”

“हव,” अच्युतराव म्हणाले, आणि नकाशा उलगडायला ओट्यावर टेकले.