मावशीचा निळा गाऊन

माझी मावशी कुणाच्या बापाला भीत नाही, पण अंड्यांच्या कोंबड्यांनी तिला पार जखडून ठेवलं होतं. शेडमध्ये जाताना ती कायम एकच विटका निळा गाऊन घालायची. नवा रंग दिसला की कोंबड्या बिथरतात.

एकदा काका लालभडक शर्ट घालून खाद्य टाकायला गेले. सगळ्या कोंबड्या भिऊन एका कोपऱ्यात पळाल्या, एकमेकींवर चढल्या आणि खालच्या गुदमरून मेल्या. काकांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून खाद्य, पाणी, ओला भुसा उपसणं, अंडी गोळा करणं, सगळं मावशीच्या गळ्यात. तिनं कुठं जायचं नाव काढलं की, "त्यांना तूच लागतेस," हे काकांचं पालुपद ठरलेलं. सख्ख्या भावाचं लग्न बुडवलं तिनं. मला तर काकांचा असा राग यायचा!

मग मावशीच्या लेकीचा फोन आला. "आई, दिवस भरलेत. इथं कुणी नाहीये गं माझ्याजवळ. येशील ना?"

"तू गेलीस तर अंडी बंद पडतील," काका म्हणाले. "मग खायचं काय?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खिळ्यावरचा गाऊन ओढून त्यांच्या अंगावर फेकला.

"घाला."

"मी? गाऊन?"

"लाज वाटत असेल तर दार लावून घ्या. कोंबड्या सांगत सुटणार नाहीत."

ती गेली. नातीला मांडीवर घेऊनही तिचा जीव शेडमध्येच होता. परतली तेव्हा मीच तिला स्टँडवरून आणलं. हातातली पिशवीही न ठेवता ती शेडकडे धावली.

आत काका. मिशा, सुटलेलं पोट आणि त्यावर ताणून बसलेला निळा गाऊन. कोंबड्या पायांत निवांत फिरत होत्या, ट्रे अंड्यांनी भरलेले.

"बघ, एक दिवस खंड नाही!" काका म्हणाले.

मला हसू आवरेना. मावशी मात्र मटकन खाली बसली.

"म्हणजे नुसता गाऊन पुरला असता," ती म्हणाली. "आणि मी भावाच्या लग्नाला गेले नाही." ती रडायलाच लागली. माझं हसू जिथल्या तिथं थांबलं.

काका ओशाळले. घाईघाईनं गाऊन काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. मावशीनं डोळे पुसले, पण हात काही पुढे केला नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांना आता तुम्हीच लागता."