तळ्यातली विहीर उघडी पडली की

अंबादासभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. पुतण्या म्हणाला, "मोठी माय, बाप्पू पहाटं गेले." मी विचारलं, "तरास झाला का?" तो म्हणाला, "न्हाई, झोपेतच." मंग बरं झालं, असं मी म्हणाले. फोनवर रडायला मला जमत नाही. सूप बाजूला ठेवलं, लुगडं बदललं आणि वाटूरच्या फाट्यावर जाऊन जालन्याची एसटी धरली. त्याला आता दीड महिना झाला.

ते माझे धाकटे दीर. मेल्यावर सगळेच देवमाणूस होतात, पण भावजी तसे नव्हते. शेतातल्या कामाला त्यांचा हात कधी लागला नाही. जालन्याला जिनिंगमध्ये होते. कापसाचा हंगाम सरला की जिनिंग बंद व्हायचं आणि हे गळ घेऊन गावी हजर. दुष्काळी कामावर आमच्या गावात तळं झालं, तेव्हा आमची विहीर त्यात बुडाली होती. होळीनंतर पाणी खाली गेलं की तिच्या काठाचे दगड उघडे पडायचे. एका बाजूनं काठ ढासळलेला, तिथून तळ्यातले मासे खोल पाण्यासाठी आत शिरायचे. दिवाळीत मासा अख्ख्या तळ्यात कुठंही असतो, चैत्रात त्याचा पत्ता पक्का, असं भावजी म्हणायचे. ऊन चटका द्यायच्या आधी बसायचं, नाहीतर दुपारचं वारं पडल्यावर. आभाळ येऊन गदगदायला लागलं की गळ गुंडाळून घरी जायचं, त्या दिवशी मासा तोंड उघडत नाही. मरळ मासा हवा घ्यायला वर येतो. मरळ दिसली की तिच्यापुढं हातभर अंतरावर गळाला लावलेली बेडकी टाकायची. मी एकदा नेमकी डोक्यावर टाकली, तर म्हणाले, "वैनी, तुमच्या डोक्यावर कुणी ताट आदळलं तर जेवताल का?"

त्यांना स्वतःला मासे आवडत नव्हते. काट्यांचा कंटाळा. त्यांना नुसतं पाण्याकडं बघत बसायला आवडायचं. खाणारी मी. माझं माहेर गोदाकाठचं, मी माशावरच वाढले. सासरीही आधी घरात मासे शिजायचे. मग आमच्या मालकांनी तुळशीची माळ घातली. माळ त्यांनी घातली आणि मासे माझे बंद झाले. मला कोणी विचारलं नाही... दोन वर्षं मी गप्प होते. एका चैत्रात भावजी म्हणाले, "वैनी, माळ तुमच्या गळ्यात हाय का?"

"न्हाई."

"मंग मडकं घेऊन या तळ्यावर."

तळ्याच्या काठी तीन दगडांची चूल, घरून बांधून नेलेली भाकर, तिखट-मीठ. खाऊन झालं की तिथंच आंघोळ करायची आणि मगच घराची पायरी चढायची. दुसऱ्याच खेपेला मालक येऊन समोर उभे राहिले. तोंडातला तुकडा गिळावा की थुंकावा, मला कळेना. भावजींनी गळावरची नजरसुद्धा हलवली नाही. म्हणाले, "दादा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बस. तिकडं वास येत न्हाई." मालक खरंच तिकडं जाऊन बसले. जरा वेळानं म्हणाले, "काटे बघून खा. घशात अडकला तर लोकाला काय सांगू, माळकऱ्याची बायको कशानं मेली?" पुढं बरीच वर्षं असंच चाललं, आणि चांगलं चाललं.

मालक वारले, तेव्हा तेराव्याला आक्का म्हणजे माझी थोरली नणंद नवी माळ घेऊन आल्या. "आता तुला ही थेरं कशाला लागत्यात? घाल गळ्यात." सगळा गोतावळा बसलेला. अशा वेळी बाई नाही म्हणत नाही. मीही मान पुढं केलीच होती. तेवढ्यात भावजी उठले. "आक्का, थांब जरा. दादाला इचारून घातल्ती ना? मंग वैनीलाबी इचार." मग मला विचारलं गेलं, जन्मात पहिल्यांदा. मी म्हणाले, "मला मासे लागतात." आक्का सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. ते सहा महिने बरे गेले.

आता भावजींच्या तेराव्यालाही आक्कांनी विषय काढलाच. "धरून देणारा गेला की गं. आता तरी घाल." या वेळी मध्ये उठणारं कोणी नव्हतं. मी म्हणाले, "भावजी गेले, आक्का. तळं हाय तिथंच हाय." आणि जावेकडून त्यांची बांबूची काठी मागून घेतली.

पहिल्या दोन खेपांना गळ विहिरीच्या दगडात अडकून तुटला. तिसऱ्या खेपेला वीतभर मरळ लागली. मीठ कमी पडलं, पण खाल्ली. काठीच्या मुठीला त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे. तिच्यात त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही, म्हणून मी चार बोटं खाली धरते. माशाला त्याचं काही नाही. लागतो.